आज काय घालू? कपडे, कपाट आणि आपला विश्वास



मागच्या काही भागांत आपण पैसा, जेवणाचं ताट आणि मोबाइल याविषयी बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते कपड्यांवर. बेळगावच्या एका आईने विचारलं, "मुलगी कॉलेजला जीन्स घालून जाते, ते ठीक, पण उपासनेलाही तशीच येते. काय करू?" इंदूरच्या एका तरुणाने विचारलं, "चांगला ब्रँडेड शर्ट घेतला तर ते पाप आहे का?" नगरकडच्या एका नव्या सुनेने लिहिलं, "सासूबाई म्हणतात टिकली लावू नको, आई म्हणते लाव. मी काय करू?"

मी हे प्रश्न बरेच दिवस बाजूला ठेवले होते. या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे का, अशी शंका होती. ती का होती, तेच आधी सांगते.

आधी माझी चूक

मी बेंगळुरूला एचएसआर लेआउटमध्ये राहते. हे नाव होसूर–सरजापूर रोड यावरून आलं. एका बाजूला सिल्क बोर्ड जंक्शन, जिथल्या ट्रॅफिकवर अख्ख्या देशात विनोद होतात. त्या चौकाला नाव मिळालं ते तिथल्या केंद्रीय रेशीम मंडळाच्या कार्यालयावरून. दुसऱ्या बाजूला बोम्मनहळ्ळी, जिथे तयार कपड्यांचे कारखाने आहेत. मध्ये आमचा लेआउट: कॅफे, स्टार्टअप, आणि सत्ताविसाव्या मेन रोडवर एकाला एक लागून कपड्यांची दुकानं. म्हणजे रेशमाचं कार्यालय, कपडे शिवणारे आणि कपडे विकत घेणारे, सगळे दोन-चार किलोमीटरच्या आत. तरी कपड्यांचा विचार देवाच्या वचनाच्या प्रकाशात करायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आमच्या घरी दर शुक्रवारी मराठी प्रार्थनासभा असते. पंधरा-वीस माणसं येतात. दोन वर्षांपूर्वी लातूरकडची एक मुलगी येऊ लागली. इथल्याच एका लहान कंपनीत कामाला होती. एका शुक्रवारी ती थेट ऑफिसमधून आली. अंगात आखूड टॉप, फाटक्या फॅशनची जीन्स. सभा संपल्यावर चहाच्या वेळी, चार बायका ऐकत असताना, मी हसत हसत म्हणाले, "अगं, प्रार्थनेला येताना जरा नीट कपडे घालून येत जा." मला वाटलं, मी आईच्या मायेने सांगते आहे. तिने कप ठेवला, "हो आंटी" म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही. सात महिने.

त्याच सभेत मागच्या भिंतीला टेकून एक बाई बसायच्या. खानापूर तालुक्यातल्या, मराठी बोलणाऱ्या, बोम्मनहळ्ळीला कपड्यांच्या कारखान्यात कामाला. त्या नेहमी नीट, पदर पिन लावलेल्या साडीत यायच्या. त्यांच्या कपड्यांत मला काही खटकलं नव्हतं. पण त्यांना पुढे सोफ्यावर बसा, असंही मी वर्षभरात एकदा म्हटलं नव्हतं. सोफ्यावर कोण बसायचं? ज्यांच्या अंगावरचा कुर्ता भारी दुकानातला दिसायचा ते. हे मी ठरवून केलं नव्हतं. पण याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच वर्णन केलं आहे. सभेत सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रं घातलेला माणूस आला की त्याला मानाची जागा, आणि मळके कपडे घातलेला गरीब आला की त्याला पायाशी जागा. याकोब याला पक्षपात म्हणतो.

म्हणजे एकाच खोलीत मी कपड्यांवरून दोन चुका केल्या. एकीला बोलून आणि एकीला न बोलून. त्यानंतर मी पवित्र शास्त्रात कपड्यांविषयी जे जे आहे ते बसून वाचून काढलं. आजचा भाग त्यातूनच तयार झाला आहे.

पहिले कपडे कोणी शिवले?

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वेने अंजिराची पानं शिवून आपलं अंग झाकलं, हे आपण रविवारच्या शाळेत शिकलो. पण त्याच अध्यायाचं एकविसावं वचन आपण घाईने वाचतो. तिथे देव स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि त्यांना घालतो. हे केव्हा? त्यांनी आज्ञा मोडल्यावर, बागेतून बाहेर पाठवण्याच्या आधी. शिक्षा झाली, पण उघडं पाठवलं नाही. शास्त्रातले पहिले टिकाऊ कपडे असे आले. लाजलेल्या माणसाची देवाने घेतलेली ती काळजी होती.

हीच गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा दिसते. लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलगा घरी येतो तेव्हा बाप आधी हिशेब मागत नाही, उत्तम झगा आणायला सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात तबीथा मरण पावते तेव्हा विधवा पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं रडत रडत दाखवतात. त्या बाईने केलेलं एकही भाषण शास्त्रात नाही. तिची ओळख तिच्या शिवणातून राहिली.

म्हणून माझा पहिला मुद्दा असा. आपण 'कपडे आणि विश्वास' म्हटलं की लगेच 'काय घालू नये' यावर जातो. शास्त्र सुरुवात करतं ते 'कोणाला पांघरूण घालायचं' इथून. मी त्या मुलीशी बोलले तेव्हा मी नेमकं उलटं केलं. पांघरूण घालायच्या ऐवजी चारचौघांत तिला उघडं पाडलं.

'मर्यादा' म्हणजे नेमकं काय?

आता तो प्रसिद्ध उतारा घेऊ, पहिले तीमथ्य, दुसरा अध्याय, नववं वचन. स्त्रियांनी साजेशी वस्त्रं घालावीत, केस गुंफणं, सोनं, मोती, मोलवान कपडे यांनी स्वतःला सजवू नये, असा त्याचा आशय. यावरून आपल्याकडे फूटपट्टी घेऊन बाह्यांची आणि गळ्यांची मापं काढली जातात. पण पौलाने इथे जी यादी दिली आहे ती पुन्हा बघा. बाहीची लांबी त्यात नाही. सोनं, मोती आणि किंमत आहे. त्या काळच्या रोमन शहरांत श्रीमंत बायका केसांत सोनं गुंफून आपली ऐपत दाखवत. मंडळीत मालकीण आणि दासी शेजारी बसत. तिथे अशी सजावट म्हणजे शेजारणीला तिची जागा दाखवणं. म्हणजे पौलाची पहिली काळजी दिखाव्याची होती.

आणखी एक गोष्ट. या वचनात 'साजेसं' या अर्थाचा जो ग्रीक शब्द आहे, 'कॉस्मिऑस', तोच शब्द पुढच्याच अध्यायात, दुसऱ्या वचनात, मंडळीच्या अध्यक्षासाठी वापरला आहे. म्हणजे मर्यादशील असणं हे पुरुषांनाही तितकंच सांगितलं आहे. ज्या घरात मुलीच्या कुर्त्यावर तासभर चर्चा होते त्याच घरात मुलाने हप्त्यावर घेतलेल्या वीस हजारांच्या बुटांवर कोणी बोलत नाही. हा न्याय शास्त्राचा नाही, आपला आहे.

पहिल्या पेत्राच्या तिसऱ्या अध्यायातलंही असंच. केस, दागिने आणि वस्त्रं ही तुमची शोभा नसावी, अंतःकरणातला सौम्य आणि शांत स्वभाव ही शोभा असावी, असं पेत्र म्हणतो. कोणी याचा अर्थ 'दागिने अजिबात नकोत' असा घेतला तर त्याच वाक्यात वस्त्रंही आहेत. मग वस्त्रंही नकोत का? अर्थात नाही. मुद्दा तुलनेचा आहे: तुमची खरी ओळख कशावर उभी आहे?

मग अंग झाकण्याचा प्रश्नच नाही का? आहे. आपलं शरीर देवाने दिलेलं आहे, ते बाजारात मांडायची वस्तू नाही, हे मी माझ्या मुलीलाही सांगते आणि मुलालाही. पण 'नीट कपडे' याचं माप गावाप्रमाणे आणि पिढीप्रमाणे बदलतं. माझ्या आजीला बिनबाह्यांचं पोलकं चालत नव्हतं, पण नऊवारीतून दिसणाऱ्या पोटऱ्यांचं तिला काही वाटत नसे. आजच्या मुलीला याच्या बरोबर उलट वाटेल. म्हणून एका पिढीचं माप दुसऱ्या पिढीच्या पवित्रतेवर लावताना हात थोडा आखडता घ्यावा.

आपल्याच इतिहासातले तीन धडे

कपड्यांवरून ख्रिस्ती लोकांनी इतरांना काय दिलं आणि काय हिरावून घेतलं, याची उदाहरणं आपल्या आजूबाजूलाच आहेत.

पहिलं गोव्याचं. तिथल्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक हुकूम काढला. त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी पाळायच्या नाहीत अशा चालीरीतींची लांबलचक यादी होती. पुरुषांनी धोतर, म्हणजे कोकणीत पुडवें, नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये, हेही त्यात होतं. विचार करा, येशूचा धोतराशी काय वाद होता? तो स्वतः शिवण नसलेला अंगरखा घालणारा पूर्वेकडचा माणूस. सत्तेने आपला पोशाख हाच ख्रिस्ताचा पोशाख असं मानलं आणि हुकूम काढले. विश्वासाच्या नावाने झालेली ही जबरदस्ती होती, आणि आपण ती तशीच सांगितली पाहिजे.

दुसरं त्रावणकोरचं, आजच्या केरळ आणि कन्याकुमारीकडचं. तिथे नाडार आणि इतर 'खालच्या' मानलेल्या जातींच्या बायकांना वरच्या जातींसमोर छाती झाकायला मनाई होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ख्रिस्ती झालेल्या नाडार बायका अंग झाकू लागल्या. त्यांना बाजारात अडवलं गेलं, त्यांची वस्त्रं फाडली गेली. दंगे झाले. १८२९ मध्ये राजाने ख्रिस्ती बायकांना फक्त अंगरख्यासारखं कुप्पायम घालायला मुभा दिली, वरचं वस्त्र मात्र नाकारलं. शेवटी २६ जुलै १८५९ ला नाडार बायकांना, त्या कुठल्याही धर्माच्या असोत, अंग झाकायची परवानगी मिळाली. तीही वरच्या जातींच्या बायकांसारखं नेसायचं नाही, या अटीवर. चार हात कापडासाठी जवळजवळ पन्नास वर्षं झगडावं लागलं. या बायकांना 'झाका' असं कोणी दटावत नव्हतं. आपली अब्रू आपल्या हातात असावी म्हणून त्या स्वतः लढत होत्या. गोव्यात वस्त्र ठरवणारा अधिकारी होता, इथे वस्त्र निवडणारी बाई होती. हा फरक लक्षात ठेवा.

तिसरं आपल्या घरचं, पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथेही त्या शाकाहारी राहिल्या आणि साडीतच राहिल्या. त्यांना घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. त्यांनी विचारलं, मला लॅटिन कशाला, माझ्या देशाची संस्कृत का नको? वरवर हा एका दागिन्याचा प्रश्न होता. पण त्यामागे त्यांचं म्हणणं होतं की ख्रिस्ताकडे येताना मी माझा देश अंगावरून उतरवून ठेवलेला नाही. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा राहिल्या, विणकामासारखी कामं शिकल्या. रमाबाईंचे फोटो बघा: पांढरी साधी साडी. ज्या समाजात विधवेचे केस उतरवून तिला जाडंभरडं वस्त्र देत आणि तिला अशुभ ठरवत, त्याच समाजात एका विधवेने साधी साडी नेसून शाळा चालवली, छापखाना चालवला, बायबलचं मराठी भाषांतर केलं. साडी साधीच होती, पण ती कोणी लादलेली नव्हती.

वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या जुन्या बायकांचं लाल लुगडं तुम्ही पाहिलं असेल. ते नेसूनच त्या मिस्साला जातात. त्यात त्यांच्या विश्वासाला कुठे बाधा आली? भाषेसारखाच पोशाखही देवासमोर आणता येतो.

शर्ट शिवणारे हात

आता मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या बाईंकडे येऊ. माझी चूक कळल्यावर एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला. मी विचारलं, "तुम्ही काय शिवता?" त्या म्हणाल्या, "अक्का, मी पूर्ण शर्ट कधी शिवलाच नाही. मी फक्त कॉलर लावते. दिवसभर कॉलरच." तासाला ठरलेले नग पूर्ण झाले पाहिजेत. नाही झाले की सुपरवायझर ओरडतो. पाणी कमी प्यायचं, म्हणजे सारखं उठावं लागत नाही.

त्यांनी एप्रिल २०१६ ची आठवण सांगितली. तेव्हा केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीचा नियम बदलला होता. मालकाने भरलेला हिस्सा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा तो बदल होता. ज्या बाईचं शरीर चाळिशीतच मशीनवर थकतं, तिला ५८ म्हणजे किती लांब! मुलीचं लग्न, गावाकडच्या घराचं छप्पर, आजारपण, सगळं त्याच पैशावर. १८ एप्रिलला बोम्मनहळ्ळीकडे हजारो कामगार, बहुतेक बायका, होसूर रोडवर उतरल्या. दुसऱ्या दिवशी शहरात इतर भागांतही लोण पोहोचलं, लाठीमार झाला, गाड्या जळाल्या. १९ एप्रिललाच सरकारने तो बदल मागे घेतला. "आम्ही कुणाच्या संघटनेत नव्हतो अक्का," त्या म्हणाल्या, "नुसत्या उठून बाहेर आलो."

मला तो दिवस आठवतो. मी ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि वैतागले होते. रस्त्यावर कोण आहे आणि का आहे, हे मी विचारलंही नव्हतं. माझ्या अंगावरच्या कुर्त्याची कॉलर कदाचित त्यांच्यातल्याच कोणीतरी लावलेली असेल.

शास्त्र इथे गप्प नाही. निर्गमाच्या बाविसाव्या आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे: गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण रात्री झोपताना त्याच्याजवळ दुसरं काही नाही. आमोस संदेष्टा चिडून सांगतो की लोक अशीच गहाण घेतलेली वस्त्रं पसरून वेदीजवळ लोळतात. म्हणजे उपासना चालू, आणि खाली दुसऱ्याचं पांघरूण.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्याजवळ एका जुन्या किल्ल्याच्या उत्खननात खापरावर शाईने लिहिलेला एक अर्ज सापडला. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या अखेरचा. लिहिणारा शेतात कापणी करणारा मजूर आहे. तो अधिकाऱ्याला सांगतो: मी माझं ठरलेलं काम पूर्ण केलं होतं, तरी मुकादमाने माझं वस्त्र काढून घेतलं, माझ्याबरोबर कापणी करणारे साक्ष देतील, माझं वस्त्र परत करा. सव्वीसशे वर्षांपूर्वीचा अर्ज आहे, पण ठरलेले नग, मुकादम आणि अडवून ठेवलेली मजुरांची हक्काची वस्तू, हे सगळं ओळखीचं वाटतं. याकोबाने पाचव्या अध्यायात लिहिलं की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते.

२४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते. अकराशेहून जास्त माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. स्वस्त टी-शर्टची किंमत कोणीतरी भरतं, एवढंच यातून लक्षात घ्या.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही काय करायचं? सगळ्या कारखान्यांची चौकशी आपल्याला जमणार नाही. पण कमी घेणं जमेल. घेतलेलं जास्त दिवस वापरणं जमेल. जवळच्या शिंप्याकडे शिवून घेणं आणि त्याच्याशी घासाघीस न करणं जमेल. ब्लाउज शिवणाऱ्या बाईचे शंभर रुपये 'पुढच्या वेळी देते' म्हणून लोंबकळत न ठेवणं तर आजच जमेल. आणि होसूर रोडवर पुन्हा कोणी उतरलं, तर हॉर्न वाजवायच्या आधी का उतरले हे विचारणं जमेल.

दोन अंगरखे

लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा. मी माझं कपाट उघडून मोजलं. कुर्ते एकेचाळीस. साड्या मोजायचं मी सोडून दिलं. त्यातल्या अकरा कुर्त्यांना मी वर्षभरात हात लावला नव्हता.

अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी पोशाखावर एक अख्खं प्रवचन दिलं. त्यातला एक मुद्दा मला अस्वस्थ करतो: भारी कपड्यावर जास्तीचा खर्च केलेला पैसा हा उघड्या माणसाला पांघरूण द्यायच्या पैशातून काढलेला असतो. आजच्या काळात त्यात जमिनीचा आणि पाण्याचाही हिशेब धरावा लागेल. एका सुती टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

देताना एक गोष्ट मात्र पाळा. तबीथाने विधवांसाठी कपडे शिवले, जुने फेकले नाहीत. बटणं तुटलेले, काखेत पिवळे पडलेले कपडे 'गरिबांना' म्हणून पिशवीत भरणं हे दान नाही, ती कपाटाची साफसफाई आहे. आपण स्वतः घालून रविवारी देवळात जाऊ शकू असा कपडा धुऊन, इस्त्री करून द्या.

आणि ज्यांच्याकडे खरंच कमी आहे त्यांच्यासाठी एक शब्द. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू काय घालू ही चिंता करू नका म्हणतो, रानातली भूकमळं दाखवतो आणि शलमोनाचं वैभवही त्यांच्यापुढे फिकं असं सांगतो. त्याचे ऐकणारे बरेच जण गरीब होते. 'काय घालू' हा प्रश्न त्यांना कपडे जास्त झाल्यामुळे पडत नव्हता. नाताळला मुलांना नवे कपडे घेता आले नाहीत म्हणून रडणाऱ्या आई-वडिलांना मी सांगेन: त्यासाठी कर्ज काढू नका. तुमची मुलं धुतलेल्या जुन्या सदऱ्यात आली तरी पित्याला ती ओळखू येतात. मंडळीला ती तशी दिसत नसतील तर दोष मंडळीचा आहे.

टिकली, मंगळसूत्र, लग्नाची साडी

आता नगरकडच्या सूनबाईंचा प्रश्न. मराठी ख्रिस्ती घरांत याविषयी एकमत नाही. काही घरांत टिकली चालते, काहींत नाही. काही जणी मंगळसूत्रात क्रूस घालतात, काही फक्त अंगठी घालतात. लग्नात कुठे पांढरी साडी, कुठे गाऊन, कुठे रंगीत शालू. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल अशाच प्रश्नांवर बोलतो. तिथे वाद खाण्याचा आणि दिवस पाळण्याचा आहे, पण रीत तीच. प्रत्येकाने आपल्या मनात खात्री करून घ्यावी. जो करतो त्याने न करणाऱ्याला तुच्छ मानू नये. जो करत नाही त्याने करणाऱ्याला दोषी ठरवू नये.

म्हणून सूनबाई, तू सासूबाईंजवळ बसून त्यांना विचार, "आई, तुम्हाला टिकलीत नेमकं काय खटकतं?" कदाचित त्यांच्या मागे एखादी जुनी गोष्ट असेल. त्यांच्या आई-वडिलांनी विश्वास धरताना काय सोसलं असेल, ते तुला कळेल. मग तू टिकली लाव किंवा लावू नकोस, पण ते प्रेमाने ठरेल, भीतीने नाही. आणि सासूबाई हे ऐकत असतील तर त्यांनाही हात जोडून विनंती: सुनेचा विश्वास तिच्या कपाळावर शोधू नका.

कपाटासमोरचे पाच प्रश्न

मी एका कागदावर पाच प्रश्न लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. तुम्ही तुमच्या सोयीने बदला.

१. हे मी कोणाला दाखवण्यासाठी घालते आहे? स्वतःच्या आनंदासाठी छान दिसणं आणि दुसऱ्याला लहान करण्यासाठी छान दिसणं यात फरक आहे, आणि तो आपला आपल्याला कळतो.

२. जिथे जाते आहे तिथल्या माणसांचा मान यात राहतो का? मयताच्या घरी, दवाखान्यात, गावच्या आजीकडे, मुलाखतीला. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं येईल.

३. याचे पैसे माझ्याकडे आहेत का? हप्त्यावर घेतलेला ड्रेस तीनदा घालून होतो, हप्ते सहा महिने चालतात.

४. हे कोणी शिवलं, आणि त्याची मजुरी पोहोचली का? निदान जी मजुरी माझ्या हातून जाते ती.

५. असंच आधीचं कपाटात आहे का? असेल तर दोन्हींपैकी एक कोणाचं?

या पाचही प्रश्नांत 'मी' आहे. दुसऱ्याच्या कपाटासाठी ही यादी नाही. बेळगावच्या आईंना माझं हेच उत्तर आहे. मुलगी उपासनेला येते आहे, यासाठी आधी देवाचे आभार माना. कपड्यांविषयी बोलायचंच असेल तर घरी, एकटीशी, आणि तिची बाजू ऐकायची तयारी ठेवून. इंदूरच्या भावाला सांगते: शर्ट घेणं पाप नाही. मात्र तो शर्ट घालून सभेत गेल्यावर तुम्ही कोणाशेजारी बसता, त्याकडे लक्ष द्या.

शेवटी

सात महिन्यांनी मी त्या लातूरच्या मुलीला फोन केला. ती आली. आम्ही अगरा तलावाकाठी चालायला गेलो. मी माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आंटी, त्या शुक्रवारी दुपारी आमच्या कंपनीने बारा जणांना काढलं. त्यात मी होते. रूमवर जाऊन रडण्यापेक्षा तुमच्याकडे यावं वाटलं, म्हणून तशीच आले."

मला काही बोलता आलं नाही. मी तिचे कपडे पाहिले होते, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. पहिल्या शमुवेलाच्या सोळाव्या अध्यायात देव शमुवेलाला हेच समजावतो, की माणूस बाहेरचं रूप पाहतो आणि परमेश्वर हृदय पाहतो. मी हे वचन लहानपणी पाठ केलं होतं.

ती आता पुन्हा येते, पण दर शुक्रवारी नाही. कधी कुर्त्यात, कधी ऑफिसच्या कपड्यांत. मी काही म्हणत नाही. आमच्या सभेत आता सगळे जमिनीवर सतरंजीवर बसतात. सोफा मी भिंतीला लावून टाकला. गुडघे दुखणाऱ्या दोन आजी तेवढ्या त्यावर बसतात. खानापूरच्या बाई माझ्या शेजारी असतात. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्या कुर्त्याची कॉलर हातात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "अक्का, ही टीप वाकडी गेली आहे. काढून द्या, मी नीट करून आणते."

कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल आपल्याला करुणा, ममता, नम्रता, सौम्यता आणि सहनशीलता ही वस्त्रं अंगावर घ्यायला सांगतो. सकाळी कपाट उघडाल तेव्हा त्यातलं एक आठवा.

घरी किंवा गटात बोलण्यासाठी:

• तुमच्या कपड्यांवरून कोणी केलेली कोणती टीका अजून मनात आहे? ती तुम्ही पुढे कोणावर केली आहे का?

• तुमच्या मंडळीत पुढच्या रांगेत कोण बसतं, मागे कोण? का?

• तुमचे कपडे शिवणाऱ्या, धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या माणसांपैकी किती जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत?

पुढच्या भागात आपण सुट्टीच्या दिवसाविषयी बोलू. तोपर्यंत, प्रभूची शांती तुम्हा सर्वांबरोबर असो.